माझे भाषण मी मागे घेते

गेल्या वर्षी आपल्या महाविद्यालयाच्या आंतरवर्गीय वक्तृत्व स्पर्धेत एक विषय होता : 'जंगलातील माणसाला मुख्य प्रवाहात आणणे हीच खरी देशसेवा'. मी विषयाच्या बाजूने बोलले आणि मला दुसरे पारितोषिक मिळाले. ज्यांनी ते भाषण ऐकले त्यांना त्यातला एक भाग कदाचित आठवत असेल, कारण त्यावर टाळ्या पडल्या होत्या. मी म्हटले होते की, खानापूर तालुक्यातील एका वाडीवर मला अशी एक आजी भेटली, जिला आपला जन्म कोणत्या साली झाला हेसुद्धा सांगता आले नाही. काळाच्या प्रवाहाबाहेर राहिलेल्या या माणसांना हात देणार कोण?

ते भाषण मला मागे घ्यायचे आहे. बोललेला शब्द परत घेता येत नाही हे मला ठाऊक आहे. तथापि ज्यांच्यासमोर चूक केली, त्यांच्यासमोरच ती कबूल करावी असे वाटते, म्हणून या अंकात ही जागा मागून घेतली.

परीक्षकांत आमचे इंग्रजीचे सर होते. सर कन्नडभाषक. त्यांना मराठी पूर्ण समजते, बोलताना मात्र थोडे अडखळतात. बक्षीस समारंभ संपल्यावर जिन्यात भेटले तेव्हा म्हणाले, "छान बोललीस. त्या आजीला तू काय विचारलंस ते कळलं. आजीनं तुला काय विचारलं, ते कळलं नाही." मी काहीतरी हसून वेळ मारून नेली. पण मनात चर्र झाले. आजीने खरोखरच काही विचारले होते. मी ते विसरले नव्हते. भाषणात बसत नाही म्हणून गाळले होते.

दुसऱ्या दिवशी सरांनी स्वतःच्या संग्रहातले एक पातळसे पुस्तक वाचायला दिले. अर्सुला ले ग्विन या अमेरिकन लेखिकेची 'द वर्ड फॉर वर्ल्ड इज फॉरेस्ट' ही लघुकादंबरी. १९७२ साली ती प्रथम एका कथासंग्रहात आली, १९७३ साली तिला विज्ञानकथांसाठी दिला जाणारा ह्यूगो पुरस्कार मिळाला आणि १९७६ साली ती स्वतंत्र पुस्तकरूपाने निघाली. विज्ञानकथा म्हणजे यंत्रमानव आणि अग्निबाण अशी माझी समजूत होती. या पुस्तकात अग्निबाण आहेत, पण त्यांतून उतरणारी माणसे आपल्या चांगल्याच ओळखीची निघाली.

कथा थोडक्यात सांगते. पृथ्वीपासून दूर अथ्शे नावाचा एक ग्रह आहे. तो समुद्राने आणि घनदाट अरण्याने व्यापलेला आहे. तेथील लोकांच्या भाषेत 'जग' आणि 'अरण्य' यांना शब्द एकच. हे लोक उंचीने जेमतेम मीटरभर, अंगावर हिरवट लव. त्यांच्याकडे यंत्रे नाहीत, कारखाने नाहीत, सैन्य नाही. गावाचा कारभार वडीलधाऱ्या स्त्रिया पाहतात. पुरुष स्वप्ने पाहतात, आणि हे स्वप्न पाहणे म्हणजे आळस नव्हे, ती एक शिकून घ्यायची विद्या आहे. जागेपणीही ते स्वप्नात उतरू शकतात आणि तेथे जे दिसते त्याचा अर्थ गावाला सांगतात. भांडण झाले तर ते गाण्याच्या चढाओढीत मिटते. पडलेल्यावर हात उगारायचा नाही, हे त्यांच्या अंगातच मुरलेले आहे. माणसाने माणसाला मारणे ही गोष्ट त्यांना जवळजवळ माहीतच नाही.

या ग्रहावर पृथ्वीवरची माणसे लाकडासाठी येतात. पृथ्वीवर झाडे उरलेली नाहीत, म्हणून लाकूड सोन्याहून मोलाचे झाले आहे. ती ग्रहाला नवे नाव देतात, 'न्यू ताहिती'. तेथील लोकांना एक तुच्छतेचे नाव देतात, 'क्रीची'. त्यांना कुंपणात ठेवून राबवून घेतात, आणि कागदोपत्री या वेठबिगारीला स्वयंसेवी श्रम म्हणतात! मला या ठिकाणी पुस्तक मिटून ठेवावेसे वाटले. आमच्या शिबिराच्या फलकावरही 'स्वयंसेवा' हाच शब्द होता. अर्थ अगदी निराळा, हे मान्य. पण शब्द वापरणारा एक आणि सोसणारा दुसरा असला की शब्द किती सोयीचा होतो, हे त्या दिवशी प्रथम जाणवले.

पुढची हकीकत अशी. कॅप्टन डेव्हिडसन नावाचा अधिकारी सेल्वर नावाच्या अथ्शियन माणसाच्या पत्नीवर अत्याचार करतो आणि त्यात ती मरते. सेल्वर त्याच्यावर धावून जातो. त्याला मरणातून वाचवतो तो राज ल्युबोव्ह, वसाहतीतला मानववंशशास्त्रज्ञ. सेल्वरने ल्युबोव्हला आपली भाषा शिकवलेली असते. दोघांनी मिळून शब्दकोशाचे काम केलेले असते. ते खरे मित्र असतात. पुढे सेल्वर आपल्या लोकांना एकत्र करून माणसांच्या छावण्या जाळतो. मुख्य वसाहतीवरच्या हल्ल्यात शेकडो स्त्रियाही मारल्या जातात, आणि ल्युबोव्हही मरतो. शेवटी पृथ्वीची माणसे ग्रह सोडून जाण्याचे कबूल करतात. जंगलातील लोक जिंकतात. पण लेखिका तेथे विजयाचा नगारा वाजवत नाही. जिंकले तरी खून करणे त्यांना आता येऊ लागले आहे, आणि शिकलेले विसरता येत नाही, या जाणिवेवर पुस्तक संपते.

हे सगळे कल्पित आहे. पण ज्या घरात ले ग्विनबाई वाढल्या, त्या घराला असा प्रसंग नवा नव्हता. त्यांचे वडील आल्फ्रेड क्रोबर हे अमेरिकेतील नामांकित मानववंशशास्त्रज्ञ. १९११ साली कॅलिफोर्नियातील ओरोव्हिल गावाजवळ एक भुकेला, एकटा माणूस जंगलातून बाहेर आला. त्याच्या याही जमातीची बाकीची माणसे गोऱ्या वसाहतवाल्यांनी केलेल्या कत्तलींत आणि उपासमारीत संपली होती. क्रोबर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याला सॅन फ्रान्सिस्कोच्या संग्रहालयात आणून ठेवले. त्याने आपले नाव कधीच सांगितले नाही, कारण आपले नाव आपण परक्याला सांगण्याची रीत त्याच्या लोकांत नव्हती. म्हणून क्रोबरांनी त्याला 'इशी' म्हटले. त्याच्या भाषेत इशी म्हणजे माणूस. इशीने त्यांना आपली भाषा दिली, बाण घडवण्याची कला दाखवली, गोष्टी सांगितल्या. १९१६ साली तो क्षयाने वारला. त्याच्या देहाची चिरफाड करू नये, असे क्रोबरांनी पत्र लिहून कळवले होते. तरी ती झाली, आणि पुढे त्याचा मेंदू एका संग्रहालयाकडे पाठवण्यात आला, तोही क्रोबरांच्याच हातून. तो त्याच्या नात्यातील जमातींच्या स्वाधीन व्हायला २००० साल उजाडले. क्रोबर दुष्ट नव्हते. ते इशीचे मित्र होते, आणि मला वाटते, खरी अडचण तेथेच आहे. डेव्हिडसनचा निवाडा करणे सोपे आहे. ल्युबोव्हचा निवाडा करताना आपली जीभ अडखळते, कारण बहुतेक वेळा आपण ल्युबोव्हच्या जागी उभे असतो.

'हे अमेरिकेतले झाले, आपला काय संबंध?' असे कोणी म्हणेल. मीही म्हटले असते. परंतु सरांनी पुस्तकाबरोबर अंदमानविषयीची काही कात्रणेही दिली होती. ती वाचल्यावर हा प्रश्न उरला नाही.

इंग्रजांनी १८५८ साली अंदमानात बंदिवानांची वसाहत सुरू केली, तेव्हा ग्रेट अंदमानी लोकांची संख्या अंदाजे पाच हजार धरतात. १९६१ च्या जनगणनेत ते एकोणीस उरले होते. युद्धात मेले त्यांच्यापेक्षा कितीतरी अधिक गोवर, उपदंश अशा आणलेल्या रोगांनी गेले. त्यांच्यापैकी 'बो' ही भाषा बोलणारी शेवटची स्त्री, बोआ सीनियर, २०१० च्या जानेवारीत वारली. आपली भाषा बोलायला दुसरे कोणी उरले नाही, ही अवस्था घरात एक आणि बाजारात दुसरी भाषा बोलणाऱ्या आपल्या भागातल्या माणसाला तरी कल्पनेने समजायला हरकत नाही.

१८८० साली पोर्टमन नावाचा इंग्रज अधिकारी शिपाई घेऊन उत्तर सेंटिनल बेटावर उतरला. लोक जंगलात पळाले. एक वृद्ध जोडपे आणि चार मुले हाती लागली, त्यांना त्याने पोर्ट ब्लेअरला आणले. हेतू 'ओळख वाढवणे' हा होता. ती सहाही माणसे आजारी पडली, म्हातारा-म्हातारी मेली. मग मुलांना पुष्कळ भेटवस्तू देऊन परत बेटावर सोडण्यात आले. त्या मुलांबरोबर कोणते रोग गेले आणि कोणत्या गोष्टी गेल्या, त्याची नोंद आपल्या कोणत्याही कागदात नाही. पण त्या बेटावरचे लोक परक्याला पाहून धनुष्य का उचलतात, याचे कोडे मला तरी आता तितके अवघड वाटत नाही.

याच बेटाजवळ १९९१ च्या जानेवारीत आपल्या सरकारचे एक पथक गेले. त्यात मधुमाला चट्टोपाध्याय या मानववंशशास्त्रज्ञ होत्या. त्यांनी नारळ पाण्यात सोडले आणि सेंटिनली लोकांनी पाण्यात शिरून ते घेतले. पुढे ते हातातूनही घेऊ लागले. एवढी भेट घडल्यानंतरही, काही वर्षांतच या भेटी थांबवण्यात आल्या. ओळख होऊ शकते हे सिद्ध झाल्यावर ओळख न वाढवण्याचे ठरवणे, हा निर्णय मला प्रथम विचित्र वाटला होता. आता तो मला आपल्या देशाने घेतलेल्या शहाण्या निर्णयांपैकी एक वाटतो. २०१८ च्या नोव्हेंबरात एक अमेरिकन तरुण धर्मप्रसारासाठी, कायदा मोडून, त्या बेटावर गेला आणि मारला गेला. तेव्हा वर्तमानपत्रांतून त्या लोकांना 'अश्मयुगीन' म्हणण्याची अहमहमिका लागली होती. अश्मयुगीन! म्हणजे आपण या सालात जगतो आणि ते त्या सालात. वस्तुतः २००४ च्या त्सुनामीनंतर त्यांची खुशाली पाहायला गेलेल्या हेलिकॉप्टरवर बाण रोखणारा माणूस आपल्याच काळात उभा होता. आपल्याला तो काळाबाहेरचा वाटतो, कारण त्याच्या घड्याळाकडे आपण पाहिलेलेच नाही.

माझ्या भाषणातली पहिली चूक हीच. तिच्याकडे मी पुढे येणार आहे. त्याआधी दुसरी बाजू मांडली पाहिजे, नाहीतर एका टोकाचे भाषण मागे घेऊन दुसऱ्या टोकाचे भाषण केल्यासारखे होईल.

माझ्या वर्गातील एका मैत्रिणीने पुस्तक वाचून दोन आक्षेप घेतले. पहिला असा की, लेखिकेने जंगलातील लोकांना फार गोड रंगवले आहे. रोग नाही, जुलूम नाही, बाईमाणसाला मान. असा समाज कोठे असतो का? आणि डेव्हिडसन इतका काळाकुट्ट आहे की तो माणूस न वाटता राक्षस वाटतो. हा आक्षेप मला बराचसा मान्य आहे. ही कथा व्हिएतनामचे युद्ध चालू असताना लिहिली गेली, आणि तो संताप पानापानांत उमटला आहे. परंतु एक गोष्ट लेखिकेने डोळ्यांआड केलेली नाही. जंगलातील लोक शेवटी जे करतात ते भयंकर आहे आणि ती ते भयंकर म्हणूनच दाखवते. त्यांना निष्पाप बालके समजणे हे क्रीची समजण्याचेच एक गोड रूप आहे, हे तिला कळले होते.

दुसरा आक्षेप अधिक कठीण. मैत्रीण म्हणाली, "म्हणजे त्यांना तसंच सोडायचं? बाळंतपणात बाई अडली, सापानं डसलं, तर दवाखाना नको? शाळा नको? तू बस पकडून कॉलेजला येणार, आणि त्यांनी तुझ्या पुस्तकातल्यासारखं स्वप्न बघत बसायचं?" या प्रश्नाला मी दोन दिवस उत्तर देऊ शकले नाही. उत्तर मिळाले ते पुन्हा अंदमानातच. तेथील जारवा लोक १९९७-९८ च्या सुमारास आपण होऊन जंगलाबाहेर येऊ लागले. त्यांच्या प्रदेशातून सरकारने आधीच मोठा रस्ता काढला होता. १९९९ साली त्यांच्यात गोवर पसरला, तेव्हा औषधोपचार करणे भागच होते आणि केलेही गेले. त्याच रस्त्यावरून पुढे पर्यटकांच्या गाड्या जाऊ लागल्या, बिस्किटे फेकून त्यांना नाचायला लावण्याचे प्रकार झाले, आणि २०१२ साली त्याची चित्रफीत जगभर गेली. औषध आणि बिस्किट एकाच रस्त्याने आले. म्हणून संपर्क हवा की नको, असा सरसकट प्रश्न विचारण्यात अर्थ नाही. सेंटिनली लोकांनी नको म्हटले आहे. त्यांचे 'नको' आपण पाळावे. जो जंगलातून बाहेर येऊन दवाखान्याची वाट विचारतो, त्याला वाट दाखवावी. दोन्ही वेळी आधी त्याचे म्हणणे ऐकून घ्यावे लागते. माझ्या भाषणात 'आणणे' हे क्रियापद होते. आणणारे आपण, आणले जाणारे ते. त्यांनी काय विचारले, याला त्या वाक्यात जागाच नव्हती.

आता वाडीकडे येते.

दोन वर्षांपूर्वी राष्ट्रीय सेवा योजनेचे आमचे सात दिवसांचे शिबिर खानापूर तालुक्यात जंगलाच्या कडेला झाले. त्यात एक दिवस जवळच्या गवळी-धनगरांच्या वाडीची पाहणी होती. ही माणसे परग्रहावरची नाहीत, सेंटिनली तर मुळीच नाहीत. दूध-तुपाच्या निमित्ताने त्यांच्या कित्येक पिढ्या बाजाराला येत आल्या आहेत, त्यांची मुले शाळेत जातात, तरुण पोरे गोव्यात कामाला आहेत. पण आम्ही मात्र त्यांच्याकडे एखाद्या नव्या ग्रहावर उतरल्यासारखेच गेलो होतो. टोप्या, बिल्ले, फलक आणि छापील तक्ते. तक्ते कन्नडमध्ये होते. वाडीची बोली मराठी. म्हणून आमच्या जोड्या केल्या होत्या : मराठी विद्यार्थ्याने विचारायचे आणि सांगायचे, कन्नड विद्यार्थ्याने लिहायचे. मी दुभाषी होते.

त्या आजीच्या घरी आम्ही तासभर बसलो. वयाच्या रकान्यात काय लिहायचे म्हणून मी जन्मसाल विचारले. ती म्हणाली, ओढ्याकाठच्या जांभळीवर वीज पडली त्या पावसाळ्यात ती जन्मली. मी माझ्या जोडीदाराला सांगितले, "माहीत नाही म्हणते." त्याने 'गोत्तिल्ला' असे लिहिले. पुढे तिने आपण होऊन पुष्कळ सांगितले. दारातला फणस तिच्या आजेसासऱ्याने लावलेला. वरची विहीर त्याच्याही बापाने खणलेली. वाडीच्या मागे ज्या दगडांना शेंदूर आहे ते कोणाचे, कोणाला कोठे पुरले, कोणत्या वर्षी पटकी आली आणि कोणती तीन घरे उठून गेली. माझ्या जोडीदाराने तेही तक्त्याच्या पाठीमागे लिहून घेतले, कारण मुलगा मेहनती होता. निघताना आजी उंबऱ्यापर्यंत आली आणि म्हणाली, "आमचं समदं लिवून घेतलासा. ह्ये लिवल्यालं कुटं ठेवतासा? आनि आमाला परत कवा वाचून दाखवतासा?"

मी म्हणाले, "लवकरच, आजी." आणि जीपमध्ये बसले.

तो प्रश्न जोडीदाराने विचारला, "काय म्हणाली?" मी म्हटले, "काही नाही, परत या म्हणाली."

मित्रहो, दुभाषाची जागा कसली असते हे मला तेव्हा कळले नव्हते. ले ग्विनच्या पुस्तकात अथ्शियन लोकांच्या भाषेत एक शब्द आहे, 'शाब'. त्याचे दोन अर्थ आहेत : देव आणि दुभाषी. जो एका जगातली गोष्ट दुसऱ्या जगात आणतो, तो दोन्ही जगे बदलून टाकतो, म्हणून तो देव. सेल्वर असा दुभाषी आहे. त्याने खून ही गोष्ट आपल्या लोकांच्या भाषेत आणली. ल्युबोव्हही तसाच. हल्ला होणार हे ल्युबोव्हला पुरेसे कळलेले असते, पण आपल्या अहवालात सेल्वरची भेट तो लिहीत नाही. आपल्या लोकांशी तो बेइमान होतो की मित्राशी इमान राखतो? लेखिकेने त्याचे उत्तर सोपे केलेले नाही.

आपल्या इतिहासात याच्या अगदी उलट घडले आहे. अंदमानच्या वसाहतीतून १८५८ साली दूधनाथ तिवारी नावाचा बंदिवान पळाला. अंदमानी लोकांनी त्याला मारले नाही. आपल्यात ठेवून घेतले, तो त्यांच्यात वर्षभर राहिला, त्यांची भाषा शिकला, तेथे त्याने लग्नही केले. १८५९ साली ते लोक वसाहतीवर हल्ला करणार असे कळताच तो परत आला आणि त्याने इंग्रजांना आगाऊ खबर दिली. हल्ला फसला, कित्येक अंदमानी मेले, आणि दूधनाथला माफी मिळाली. दुसऱ्या बाजूने पाहिले तर त्या हल्ल्यात त्याचे बंदिवान सोबतीही मेले असते, हे खरे. पण ज्या घराने आसरा दिला त्या घराची भाषा त्याच घरावर उलटली, हेही तितकेच खरे.

माझे पातक एवढे मोठे नाही, हे मी जाणते. कोणी मेले नाही. पण काय झाले ते ऐका. यंदा आमच्या समाजशास्त्राच्या तासाला २००६ चा वनहक्क कायदा शिकवला गेला. ज्यांची नोंद अनुसूचित जमातीत नाही, अशा जंगलवासीयांना हक्क मिळवायचा असेल तर १३ डिसेंबर २००५ पूर्वी तीन पिढ्या, म्हणजे पंचाहत्तर वर्षे, ते तेथे राहत असल्याचे दाखवावे लागते. पुरावा कोणता? सरकारी कागद तर चालतातच. पण नियमांत इतरही पुरावे सांगितले आहेत. जुन्या विहिरी. दफनभूमी. देवस्थाने. वृद्ध माणसांचे लिहून घेतलेले जबाब. मी वहीत टिपण घेता घेता थांबले. ही सगळी यादी मी ऐकली होती! आजीच्या तोंडून, त्या ओसरीवर. ज्या आजीला मी सभेपुढे 'काळाबाहेरची' म्हटले, तिच्याकडे शंभर वर्षांहून अधिक काळाचा हिशेब होता आणि तो कायद्याला चालणारा होता. तो लिहिलाही गेला होता. मग तो गेला कोठे?

मी चौकशी केली. तेवीस घरांचे तक्ते एका दोऱ्यात बांधलेले, कपाटाच्या तळाशी होते. शिबिराचा अहवाल वेळेवर गेला, त्यात आमचे छायाचित्र आहे, आणि पाहिलेल्या घरांची संख्या आहे. वाडीकडे मात्र एक ओळही परत गेली नाही. यात मी कोणा एकाला दोष देत नाही. मागणी केली असती तर ते कागद कोणीही काढून दिले असते. मागणी करण्यासारखा प्रश्न ज्या एकीला ठाऊक होता, तिने तो जोडीदाराला सांगितलाच नव्हता.

या अंकाला दोन विभाग आहेत. एका बाजूने उघडला की मराठी, उलटा करून उघडला की कन्नड. आपल्यापैकी बहुतेकजण आपली बाजू वाचून अंक मिटतात. मीही तेच करत आले. आपल्याकडे भाषेच्या नावाने पुष्कळ बोलले जाते आणि त्यातले बरेचसे मला पटतेही. पण त्या ओसरीवर एका मराठी मुलीने फसवले आणि एका कन्नड मुलाने, मी सांगितले नसतानाही, आजीचे शब्द पाठपोट लिहून ठेवले, हे मी विसरू शकत नाही. ते तक्ते मी पुन्हा वाचले. त्याला अर्धीमुर्धी मराठी येते. जांभूळ, वीज, विहीर हे शब्द त्याने कन्नड लिपीत जसेच्या तसे उतरवले आहेत. 'गोत्तिल्ला' या शब्दापुढे त्याने कंसात एक प्रश्नचिन्ह काढले आहे. त्याला माझा अनुवाद तेव्हाच पटला नव्हता.

आम्ही दोघांनी मिळून त्या तेवीस घरांची माहिती आता मराठी आणि कन्नड अशा दोन्ही भाषांत नीट उतरवून काढली आहे. सरांनी ती तपासली. मूळ तक्त्यांच्या प्रती काढण्याची परवानगी प्राचार्यांनी दिली आहे. परीक्षा संपल्यावर पहिल्या रविवारी आम्ही वाडीवर जाणार आहोत. आधी घराघरांत ज्याचे त्याला वाचून दाखवायचे, चुकले असेल तेथे दुरुस्त करायचे, आणि मग कागद त्यांच्याच हाती द्यायचे. त्यांचे पुढे काय करायचे, ग्रामसभेपुढे न्यायचे की पेटीत ठेवायचे, हे वाडी ठरवील. आम्ही सुचवू शकतो, एवढेच.

ज्यांना बरोबर यायचे असेल त्यांनी समाजशास्त्र विभागात नाव द्यावे. मराठी येणारे आणि कन्नड येणारे, दोन्ही हवेत. एक विनंती मात्र आहे. या वेळी तक्ते नेणार नाही, फलकही नको. आणि वाडीतल्या कोणी काही विचारले, तर ते जसेच्या तसे जोडीदाराला सांगायचे.

आजी आहे की नाही, मला ठाऊक नाही. असली तर पहिले वाचन तिच्या ओसरीवर व्हावे आणि वयाच्या रकान्यातील तो शब्द तिच्यासमोर खोडावा, अशी माझी इच्छा आहे. तेथे काय लिहायचे ते तीच सांगेल.